फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीचं काम समाधानकारक नाही, बदलायची कशी? (पुनावळे)

पुनावळेकर_सी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. आमची सोसायटी पुनावळ्यात, पाच विंग, तीनशेच्या आसपास फ्लॅट. बिल्डरने पझेशनच्या वेळीच एक फॅसिलिटी कंपनी आणून बसवली, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणारा प्लांट), लिफ्टचा पाठपुरावा, मेन्टेनन्सची बिलं काढणं सगळं त्यांच्याकडेच. सोसायटी रजिस्टर झाल्यावर तोच करार पुढे चालू राहिला. आता नवीन कमिटी आलीये, त्यात मी आहे, आणि कागद उघडून बघायला लागल्यापासून झोप उडालीये.

थोडक्यात सांगते. बी विंगची एक लिफ्ट महिन्यातून निम्मे दिवस बंद, विचारलं की "पार्ट मागवलाय मॅडम". फ्लशच्या पाण्याला इतका वास की सहाव्या मजल्यावरच्या आजींना बाथरूमचं दार बंद करून पण त्रास होतो. इस्टेट मॅनेजर दर तीन चार महिन्यांनी बदलतो, नवीन येणाऱ्याला व्हॉल्व्ह कुठे आहे तेही माहीत नसतं. बिलात गार्ड जेवढे लावलेत तेवढे रात्री गेटवर दिसत नाहीत. तक्रार ॲपवर टाकली की दुसऱ्या दिवशी "रिझॉल्व्ड" होऊन बंद, काम तसंच. आणि हे सगळं असताना यावर्षी दर वाढवून मागितलेत.

लोकांचे दोन गट पडलेत. अर्धे म्हणतात आजच्या आज हाकला, अर्धे म्हणतात सगळ्या कंपन्या सारख्याच, उगाच चालू गाडं कशाला थांबवायचं. करारात ९० दिवसांची नोटीस आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कुठून करायची?

मोशीवाला

ताई, तुमच्या जागी आम्ही गेल्या वर्षी होतो. नोटीस सगळ्यात शेवटी द्यायची. आधी सगळा डेटा आपल्याकडे घ्या. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) कोणाच्या लॅपटॉपवर आहे? ॲपचा ॲडमिन कोण आहे? मेंबरांची यादी, थकबाकीची यादी, एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार, लिफ्टचं लायसन्स, फायरचे कागद, पंपांच्या वॉरंट्या, इलेक्ट्रिकलचे ड्रॉइंग हे सगळं कोणाच्या कपाटात आहे? आमच्याकडे नोटीस गेली त्याच आठवड्यात अकाउंटंट "गावाला गेला" आणि टॅलीचा बॅकअप मिळायला घाम फुटला. बिलं काढायची तारीख आली तरी कोणाचं किती बाकी ते कोणाला सांगता येईना.

हिशेबी

मोशीवाला +१. मी पेशाने अकाउंट्सवाला आहे म्हणून त्यात एकच भर घालतो, सगळ्यात आधी बँकेचं बघा. मेन्टेनन्सचे पैसे सोसायटीच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात की कंपनीच्या? ॲपमधून पेमेंट केलं की ते थेट आपल्या खात्यात येतं का मध्ये कुठे थांबतं? चेकवर आणि नेटबँकिंगला सही करणारे दोघं आपलेच पदाधिकारी हवेत, कंपनीच्या माणसाला फक्त बघण्यापुरता ॲक्सेस. बँकेचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो हे आजच तपासा, हा प्रश्न साधा वाटतो पण मी दोन सोसायट्यांमध्ये इस्टेट मॅनेजरचा नंबर लागलेला बघितलाय.

दुसरं म्हणजे त्यांचं बिल. त्यावर १८ टक्के जीएसटी लावलेला असेल. बिलावरचा जीएसटी नंबर घ्या आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाका, लॉगिन लागत नाही, रिटर्न भरलेत का नाही ते तिथे दिसतं. आपण दरमहा टॅक्स देतोय आणि तो पुढे भरलाच जात नसेल तर ते मीटिंगमध्ये मांडायला पुरेसं आहे. आणि तुम्ही त्यांच्या बिलातून टीडीएस कापताय ना? तो कापला नाही तर व्याज दंड सोसायटीच्या माथी येतो, कंपनीच्या नाही.

पुनावळेकर_सी

धन्यवाद दोघांना. खातं सोसायटीचंच आहे, सह्या आपल्याच. टॅली मात्र त्यांच्या ऑफिसच्या मशीनवर आहे आणि ॲपचा मुख्य ॲडमिन पण त्यांचाच माणूस. हे उद्याच हातात घेते.

उंबरठा

मला गार्डच्या मुद्द्यावर बोलायचंय कारण याच्याकडे कोणी बघत नाही. आमच्या गेटवर एक काका होते, बारा बारा तासांची ड्युटी, साप्ताहिक सुट्टी नाही. एकदा रात्री मुलाच्या ॲडमिशनसाठी पीएफ काढता येईल का असं मला विचारत होते म्हणून त्यांच्या मोबाईलवर उमंग ॲप उघडून पासबुक बघितलं. मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर एक रुपया भरलेला नव्हता. आमच्या बिलात मात्र पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), बोनस, सगळे कॉलम दर महिन्याला भरलेले. ईएसआयसीचे मालकाचे ३.२५ टक्के, पीएफचे १२ टक्के, ॲडमिन चार्ज वेगळा, सगळं आम्ही इमानदारीत देत होतो आणि त्या माणसापर्यंत काही पोचत नव्हतं. त्याच्या बायकोचं ऑपरेशन ईएसआयसीमध्ये होऊ शकलं असतं, त्यासाठी त्याने सावकाराकडून पैसे घेतले होते.

मी हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत त्या काकांची बदली चाकणला एका गोडाऊनवर. म्हणून कळकळीने सांगते, गार्डकडून माहिती काढू नका, त्यांची नोकरी जाते. कंपनीकडून लेखी मागा. दर महिन्याच्या बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफचं चलान आणि त्याची नावासकट यादी, ईएसआयसीची यादी, पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा आणि मस्टर (हजेरीपट). यादीतली नावं आणि आपल्या गेटवरची नावं जुळली पाहिजेत. नाही जुळली तर बिल थांबवा. कायद्याने मुख्य मालक आपणच धरले जातो, कंत्राटदाराने भरलं नाही तर वसुली सोसायटीकडून होऊ शकते.

ठाणेकर_काकू

उंबरठा, वाचून वाईट वाटलं. आणि सिक्युरिटी एजन्सीला २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली लायसन्स लागतं, त्याची प्रत पण मागा. बऱ्याच फॅसिलिटी कंपन्या स्वतः लायसन्स न घेता दुसऱ्या एजन्सीकडून माणसं आणतात आणि मध्ये आपलं मार्जिन ठेवतात. करारात पोटकंत्राट द्यायला परवानगी आहे का ते बघा.

चौथा_मजला

जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी पाच वर्षं सेक्रेटरी होतो, रहाटणीत. आम्ही तीन कंपन्या बदलल्या. प्रत्येक वेळी पहिले सहा महिने चकचकीत, नवीन युनिफॉर्म, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो, आणि मग परत तेच. कारण माणसं तीच असतात हो, नवीन कंपनी जुन्याच गार्डना आणि मावशींना ठेवून घेते, फक्त शर्टवरचं नाव बदलतं. आणि आपण टेंडरमध्ये सगळ्यात कमी रेटवाल्याला काम देतो. किमान वेतन ठरलेलं आहे, त्यावर पीएफ, ईएसआयसी, रिलिव्हर (सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस) धरून एक आकडा येतो, त्याच्या खाली कोणी कोट केलं तर तो कुठूनतरी वाचवणारच, माणसं कमी लावून नाहीतर त्यांच्या पगारातून. कमिटीतल्या लोकांना रात्री अकराला फोन येतात, पाणी नाही, लिफ्ट अडकली, वरच्यांचा आवाज. फुकटात काम करणारी माणसं ही, त्यांना कंपनी हवीच असते. माझं म्हणणं इतकंच की बदलण्याआधी आपल्याला काय काम हवंय ते कागदावर लिहा.

पंपहाऊस

मी एसटीपी आणि डब्ल्यूटीपीच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) मेन्टेनन्समध्ये काम करतो (पुनावळे, ताथवडे, रावेत याच पट्ट्यात), त्यामुळे वासाच्या मुद्द्यावर सांगू शकतो.

ताई, एकदा स्वतः एसटीपी रूममध्ये जा. ऑपरेटर असेल तेव्हा जा, आणि एक काम करा. एअरेशन टँकमधलं (सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी एक लिटरच्या मापाच्या सिलिंडरमध्ये भरायला सांगा आणि तीस मिनिटं हलवू न देता ठेवा. नीट चालणाऱ्या प्लांटला गाळ तपकिरी असतो, तो खाली बसतो आणि वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ दिसतं. गाळ काळा असेल, नाकाला झोंबणारा कुजका वास असेल तर हवा कमी पडतेय. याचा अर्थ ब्लोअर (हवा सोडणारं मशीन) बंद आहे किंवा रात्रीचा बंद ठेवतात. दोन ब्लोअर असतात, आलटून पालटून चालवायचे असतात, बऱ्याच ठिकाणी एक कायमचा बिघडलेला असतो आणि दुसरा लाईट बिल वाचवायला किंवा आवाजाच्या तक्रारीमुळे रात्री बंद. जीवाणूंना हवा नाही मिळाली की काही तासांत प्लांट सडायला लागतो आणि मग तेच पाणी टेरेसवरच्या फ्लशिंगच्या टाकीत जातं. वर क्लोरीन किती पण ओता, वास जात नाही.

मग लॉगबुक बघा. महिनाभराचे आकडे एकाच पेनने, एकाच अक्षरात, पीएच रोज सातच, असं दिसलं तर ते एका दुपारी बसून भरलंय. वेगवेगळ्या शिफ्टची वेगवेगळी माणसं असतात, अक्षर वेगळं पाहिजे, आकडे थोडे वरखाली पाहिजेत. बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबकडून पाणी तपासून घ्या, सॅम्पल काढताना कमिटीतलं कोणीतरी उभं राहा.

पुनावळेकर_सी

पंपहाऊस दादा, तुमचं वाचून आज संध्याकाळीच मी आणि आमचे खजिनदार खाली गेलो. सिलिंडर नव्हताच, प्लांटवर असायला पाहिजे ना तो? शेवटी काचेच्या मोठ्या बरणीत भरलं. अर्धा तास तिथेच थांबलो. गाळ काळा, तळाशी बसायच्या ऐवजी गोळे वर तरंगत होते आणि वासाने खजिनदार काका बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या ब्लोअरचा पट्टाच नाहीये. ऑपरेटर पोरगा विशीतला, तो म्हणाला मॅडम मला सुपरवायझरने सांगितलंय रात्री अकरा ते सहा बंद ठेवायचा. त्याचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही, उंबरठा यांनी लिहिलेलं डोक्यात होतं. लॉगबुकमध्ये मात्र चोवीस तास चालू आणि सगळे आकडे एका ओळीत.

हिशेबी

फोटो काढून ठेवलेत ना? तारखेसकट. आणि लगेच मेल करा कंपनीला, फोनवर नको, व्हॉट्सॲपवर पण नको. "अमुक तारखेला पाहणी केली, असं असं आढळलं, सात दिवसांत दुरुस्त करून लेखी कळवा." करार मोडायची वेळ आली तर हीच मेलची साखळी कामाला येते. आत्तापर्यंतच्या तक्रारी ॲपमधून एक्सपोर्ट करून घ्या, ॲडमिन त्यांचा आहे तोवर त्या पुसल्या जाऊ शकतात.

जाता जाता डिझेल पण बघा. जनरेटरच्या पॅनेलवर तासांचा मीटर असतो. दोन महिन्यांचं रीडिंग घ्या, तेवढ्या तासांत किती लिटर लागायला पाहिजे ते जनरेटरच्या माहितीपत्रकात असतं, आणि डिझेलची बिलं शेजारी ठेवा. लाईट किती वेळा गेली होती ते मेंबरांना आठवतंच.

सातवा_सूर

टँकरचं पण तेच!! आपल्या पिंपरी चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी, त्यामुळे सगळ्या सोसायट्या टँकरवर. आमच्याकडे गेटच्या रजिस्टरमध्ये टँकरच्या जितक्या एन्ट्री त्यापेक्षा बिलात जास्त. आणि दहा हजार लिटरचा म्हणून सांगतात तो पूर्ण भरलेला असतो का हे कोण वर चढून बघणार. आम्ही टँकर रिकामा होतो त्या पाइपलाच वॉटर मीटर बसवला, प्रत्येक पावतीवर आधीचं आणि नंतरचं रीडिंग, ड्रायव्हरची आणि गार्डची सही. पहिल्याच महिन्यात बिल खाली आलं, भांडण न करता.

कोथरूडचा_जुना

एक मूळ मुद्दा राहतोय असं मला वाटतं. ताई, पझेशन कधी मिळालं? पाच वर्षं झाली नसतील तर नीट वाचा.

रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांसाठीचा, बिल्डरांवर लागू होणारा) कलम १४ (३) प्रमाणे पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा दिलेल्या सोयींमध्ये दोष निघाला आणि आपण तो कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, नाही केला तर भरपाई मागता येते. आता विचार करा. कंपनी बिल्डरने आणलेली. पोडियमला (पार्किंगवरच्या मोकळ्या स्लॅबला) गळती झाली, डक्टमधला पाइप फुटला, बेसमेंटच्या भिंतीतून पाणी आलं, की ही कंपनी काय करते? वॉटरप्रूफिंगवाला बोलावते, कोटेशन घेते आणि बिल सोसायटीला लावते. बिल्डरला साधं पत्र जात नाही. पाच वर्षं अशीच निघून जातात आणि मग सगळं आपल्या गळ्यात. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत पोडियमचं वॉटरप्रूफिंग दोनदा सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशातून) झालं, पझेशनला चार वर्षं पण झाली नव्हती.

त्यामुळे कंपनी बदलण्याच्या आधी मागच्या सगळ्या दुरुस्तीच्या बिलांची छाननी करा आणि त्यातली कुठली कामं बिल्डरची होती ते वेगळं काढा. माझ्या मते तुमचा खरा पैसा तिथे गेलाय. गार्ड कमी येतात तो त्रास आहेच, पण ही रक्कम त्याच्या कितीतरी पट निघेल.

आणि पझेशनच्या वेळी दोन वर्षांचा ॲडव्हान्स मेन्टेनन्स सगळ्यांकडून घेतला असेल ना? पुण्यात घेतातच. त्याचा हिशोब मिळालाय का? मोफा कायद्यात, फ्लॅट मालकीचा १९६३ चा जो आहे, त्यात कलम ५ मध्ये बिल्डरने असे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून ज्या कारणासाठी घेतले त्यालाच वापरायचे असं आहे. शिल्लक असेल ती सोसायटीकडे यायला हवी.

पुनावळेकर_सी

काका, तुम्ही डोळे उघडलेत. ए विंगला पझेशन मिळून साडेतीन वर्षं झालीत, ई विंगला तर दोनच. बिलांची फाइल काढली आत्ता. पोडियमची गळती, दोन लिफ्टच्या खड्ड्यात येणारं पाणी, क्लब हाऊसच्या उखडलेल्या टाइल्स, फायर पंपाचं रिवाइंडिंग, सगळी सोसायटीच्या पैशाने. ॲडव्हान्स मेन्टेनन्सचा हिशोब म्हणून एका पानावर पाच ओळी आहेत, "सिक्युरिटी, हाउसकीपिंग, लाईट, इतर, प्रशासकीय", बिल एकही नाही.

आता कळतंय की दोन लढाया वेगवेगळ्या आहेत. एक कंपनीशी आणि एक बिल्डरशी. मला आत्तापर्यंत हे एकच वाटत होतं.

ठाणेकर_काकू

फायर पंपाचा विषय निघालाच आहे तर, महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा, त्यात दर जानेवारी आणि जुलैला लायसन्स असलेल्या एजन्सीकडून "फॉर्म बी" (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. तुमचा शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे बघा. आणि नुसता कागद नको, एका रविवारी सगळ्यांसमोर होज लावून पाणी सोडून बघा वरच्या मजल्यावर प्रेशर येतंय का. आमच्याकडे फॉर्म बी व्यवस्थित होता आणि डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. तीनशे कुटुंबं राहतात, म्हातारी माणसं, लहान मुलं. बाकी सगळं दोन महिने मागेपुढे झालं तरी चालेल, हे नाही.

दुबईकर_पुनावळे

मी दुबईत असतो, फ्लॅट पुनावळ्यातच (तुमच्या सोसायटीत नाही). इथे २०१९ च्या ६ नंबरच्या कायद्याने मॅनेजमेंट कंपनीला सरकारी नोंदणी लागते, वर्षाचं बजेट सरकारी खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं आणि सर्व्हिस चार्जेस मोल्लक नावाच्या सरकारी सिस्टीममधून जातात. कंपनीला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. मालकांच्या कमिटीला मात्र इथे फार अधिकार नाहीत, बघायचं आणि सुचवायचं इतकंच. आपल्याकडे उलटं आहे, सगळा अधिकार जनरल बॉडीकडे आहे पण मीटिंगला माणसं येत नाहीत. आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना निदान हिशोब महिन्याच्या महिन्याला मेलवर मिळाला तर आम्ही पण बघू, माझ्यासारखे दोघं तिघं सीए आहेत इथे, मदत करायला तयार आहेत.

नवीन_मेंबर_२

एक शंका. आमच्या कमिटीलाच कंपनी हवी आहे, कोणी ऐकत नाही, कागद पण दाखवत नाहीत. आम्ही साध्या मेंबरांनी काय करायचं?

कोथरूडचा_जुना

लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सहकार कायद्याप्रमाणे मेंबरला ठराविक कागद बघायचा आणि फी भरून प्रत घ्यायचा हक्क आहे, फी भरल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रत द्यायला हवी. तरी दाद दिली नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार. आणि एक पंचमांश मेंबरांनी सह्या करून विशेष सभा मागितली तर कमिटीला ती महिन्याभरात घ्यावी लागते, विषय सह्यांच्या पत्रातच लिहायचा. शंभर फ्लॅट असतील तर वीस सह्या, एका रविवारचं काम आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतेच, तिथे पण कराराच्या नूतनीकरणाचा ठराव कधी झाला ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात आलंय का ते नंतर तपासा.

चौथा_मजला

सगळं पटलं, पण नवीन करारात काय हवं त्यावर कोणीच बोलत नाहीये म्हणून माझ्या अनुभवातून लिहितो. सगळ्यात महत्त्वाचं, करार आपोआप पुढे चालू राहील असं कलम असेल तर ते काढा, दरवर्षी सभेने मंजूर केला तरच पुढे. नोटीस ९० दिवसांची नको, ३० पुरेत, आणि दोन्ही बाजूंना सारखी. डेटा, ॲप, टॅली, लॉगबुक सगळं सोसायटीच्या मालकीचं असं स्पष्ट लिहा. माणूस आला नाही तर त्याचा पगार तर कापायचाच, वर दंड पण, नाहीतर माणूस न पाठवणं हेच कंपनीला परवडतं. आणि एक कलम बारीक अक्षरात असतं, करार संपल्यावर वर्षभर त्यांची माणसं आपण किंवा नवीन एजन्सीने ठेवायची नाहीत. आमच्याकडे चौदा वर्षं काम केलेल्या प्लंबरला त्या कलमामुळे जावं लागलं, ज्याला प्रत्येक डक्टमधला प्रत्येक व्हॉल्व्ह पाठ होता. ते कलम मान्य करू नका.

शिवाय सगळं एका कंपनीला देऊ नका. लिफ्टची एएमसी थेट लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीशी, एसटीपी पंपहाऊस यांच्यासारख्या जाणकार माणसाकडे, अकाउंट्स तिसऱ्याकडे. फॅसिलिटीवाल्याकडे माणसं पुरवणं आणि रोजची देखरेख ठेवा. एकाने दुसऱ्याची चूक दाखवायला हवी, सगळं एकाच्याच हातात असलं की चूक सांगणार कोण?

सातवा_सूर

पण मग समन्वय कोण करणार? कमिटीतले सगळे नोकरीवाले, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी यायलाच नऊ वाजतात. तीन चार व्हेंडर सांभाळायला एक माणूस पूर्णवेळ लागतो.

चौथा_मजला

बरोबर आहे, तो माणूस सोसायटीच्या पगारावर ठेवा. मॅनेजर आपला, बाकीचे व्हेंडर. आम्ही एका निवृत्त सुभेदारसाहेबांना ठेवलं, पगार चांगला दिला, सकाळी सहाला ते स्वतः पंपरूमपासून टेरेसपर्यंत चक्कर मारतात. तीनशे फ्लॅटमध्ये एका चांगल्या मॅनेजरचा खर्च फ्लॅटमागे फार पडत नाही. साठ सत्तर फ्लॅटच्या सोसायटीला हे परवडणार नाही, त्यांनी नुकतेच निवृत्त झालेल्या मेंबरांमधूनच कोणीतरी मानधनावर घ्यावं.

पुनावळेकर_सी

मंडळी, काय काय झालं ते सांगते, तुम्ही एवढा वेळ दिलात.

टॅलीचा बॅकअप घेतला, आता दर शुक्रवारी तो आमच्या खजिनदारांच्या मेलवर येतो. ॲपचा ॲडमिन बदलला, ॲपवाल्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव पाठवला, लगेच झालं. तक्रारींची यादी बाहेर काढली तेव्हा लिफ्टच्या एकाच तक्रारीला इतक्या वेळा "रिझॉल्व्ड" मारलंय की ती यादीच आम्ही सभेत लावणार आहोत. पीएफच्या याद्या लेखी मागितल्या, पहिल्यांदा "हेड ऑफिसला सांगितलंय", मग बिल रोखल्यावर आल्या. आमच्या गेटवर काम करणाऱ्यांपैकी पाच जणांची नावं त्यात नाहीत आणि जी आहेत त्यातली तीन आम्ही कधी बघितलेली नाहीत. कंपनीला लेखी कळवलंय की त्या पाच जणांचे मागचे सगळे पैसे भरून चलान दाखवल्याशिवाय पुढचं बिल निघणार नाही. आणि त्यांच्यापैकी कोणाची बदली करायची असेल तर कमिटीला आधी कारण द्यायचं हेही त्याच पत्रात आहे.

ब्लोअरला पट्टा लागला, दोन्ही आलटून पालटून चालू आहेत. सहाव्या मजल्यावरच्या आजींचा काल फोन आला, वास कमी झालाय म्हणाल्या. पूर्ण गेलेला नाही, पंपहाऊस दादा म्हणतात गाळ नवीन तयार व्हायला काही आठवडे लागतील.

बिल्डरला दोषांचं पत्र गेलंय, रजिस्टर एडीने, प्रत्येक दोषाचा फोटो, आधीच्या दुरुस्तीचं बिल आणि कलम लिहून. वकील मेंबर आहेत आमच्यात, त्यांनी मसुदा केला. तीस दिवस थांबतो आणि मग महारेराकडे.

विशेष सभा पुढच्या रविवारी आहे, विषय एकच, करार संपवण्याची नोटीस आणि सोसायटीच्या पगारावर मॅनेजर. विरोध होईल, "चालू गाडं" म्हणणारे येतीलच, पण आता त्यांच्यासमोर ठेवायला कागद आहेत.

एक मदत हवी, हॅन्डओव्हरच्या वेळी पंपरूम, पॅनेलरूम आणि डीजीची (जनरेटरची) नवीन माणसाकडे जबाबदारी देताना काय काय चालू स्थितीत आहे याची सही घ्यायची असते, त्याचा कोणाकडे नमुना आहे का?

पंपहाऊस

आहे, मेसेजमध्ये पाठवतो. एसटीपी आणि पाण्याच्या पंपांचा पूर्ण आहे, इलेक्ट्रिकलचा अर्धाच आहे. पॅनेलरूमसाठी प्रत्येक ब्रेकर कुठल्या विंगचा ते लिहून घ्या आणि सही करायच्या आधी डीजी लोडवर निदान अर्धा तास चालवून बघा, नुसता स्टार्ट करून बंद केला तर काहीच कळत नाही.

मोशीवाला

इलेक्ट्रिकलचा माझ्याकडे पूर्ण आहे, आमच्या हॅन्डओव्हरला केला होता. ताई, मेल आयडी मेसेज करा. आणि सभेला क्वोरम नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागलं तर लोकांना जाऊ देऊ नका, चहा तिथेच ठेवा.